हैबतीची शेवटची खाच

कंपाउंडरकाका 'मेला' हा शब्द उच्चारताना कधी आवाज खाली करत नसत. 'वारला' नाही, 'गेला' नाही, 'देवाघरी गेला' तर नाहीच नाही. "मेला," असं स्वच्छ म्हणायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. मी जात्याच भित्री. भिंतीवर पाल चुकचुकली तरी माझा सगळा दिवस काळजीत जातो. काकांच्या तोंडून तो शब्द आला की मी टेबलाची कड घट्ट धरायची. खरं म्हणजे तेव्हा मेलेलं असायचं ते बाटलीचं एक बूच. हसू नका, त्या बुचांनी माझी झोप उडवली होती.

काष्टीत बाजारपेठेच्या तोंडाशी एका डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर श्रीगोंद्याहून यायचे आणि रविवारी दुपारनंतर फिरकायचे नाहीत. मग दवाखाना काकांचा. तरुणपणी काका फौजेत होते, ब्रह्मदेशातल्या लष्करी दवाखान्यात मलमपट्टी करायचे. खाटेला खिळलेल्या शिपायांचा जीव रमावा म्हणून त्यांनी तिथं एक खेळ काढला होता, तोच रविवारी आम्हाला खेळवायचे. आम्ही म्हणजे तिघं. मी, मुलींच्या शाळेतली एकवीस वर्षांची बाई. मार्थाबाई नर्स, नगरच्या, सकाळची प्रार्थना आटोपून यायच्या. आणि तात्या, नदीकाठचे शेतकरी, आडदांड, मिशीवाले. एवढी मोठी माणसं दवाखान्यात बसून काय करतात याची गावाला भारी चिंता. मार्थाबाई विचारणाऱ्याला शांतपणे सांगायच्या, "आम्ही राज्य चालवतो."

ते खोटं नव्हतं. औषध कंपनीच्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर काकांनी एक मुलूख काढला होता. त्यात गड, खिंडी, जंगलं, एक बोलणारा वाघ आणि एक राक्षसीण. त्या मुलखात प्रत्येकाचा एक माणूस, म्हणजे शाईनं नाव घातलेलं एक बूच. काका डोळे मिटून म्हणायचे, "म्होरं नदी हाय. पानी चढतंय. काय करता?" आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि जमलं की नाही ते फासा सांगणार. फासा मलमाच्या काचेच्या डबीत घालून झाकण लावलेलं. हलवायची आणि ठेवायची, सगळ्यांना दिसतं. पूर्वी मिक्श्चरच्या बाटलीवर डोस कळावा म्हणून खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवत, तुम्हाला आठवत असेल. तसली सहा खाचांची पट्टी म्हणजे त्या माणसाचा जीव. मार बसला की एक खाच फाडायची. सहावी फाटली की मेला.

मेल्यावरची रीत काकांनी फार कडक ठेवली होती. आधी ते म्हणणार, "मेला." मग ज्याचा माणूस त्यानं ते स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. मग सगळ्यांनी त्या माणसाची एकेक आठवण सांगायची, आणि बूच कपाटातल्या बरणीत. पुढच्या रविवारी नवा माणूस, नवं नाव. तात्यांचा भुजंगा राक्षसिणीच्या विहिरीत पडून मेला तेव्हा एवढा दांडगा गडी घरी जाऊन जेवला नाही. बायकोनं विचारलं तर म्हणाले, "आपला भुजंगा मेला." ती बिचारी गोठ्यात धावली आणि सगळी जनावरं बघून आली. पुढच्या रविवारी मात्र तात्या नवीन बूच घेऊन सगळ्यांच्या आधी हजर.

काकांचा आणखी एक नियम होता. "जित्ता माणूस खेळात आणायचा न्हाई. नाव बदलून बी न्हाई." का, ते सांगत नसत. मी तो नियम पहिल्याच दिवशी मोडला. माझा थोरला भाऊ, दादा, फौजेत सरहद्दीवर होता. घरी मी आणि आई. त्याची फार आठवण यायची म्हणून मी माझ्या माणसाचं नाव हैबती ठेवलं आणि बाकी सगळा दादाच उचलला. हैबती डावखुरा. हैबती कुठल्याही कामाला हात घालण्याआधी दातातून शीळ घालणार. हैबतीला कांदा असल्याशिवाय भाकरी जाणार नाही. सगळा पावसाळा तो माझ्यासमोर टेबलावर हिंडला-फिरला आणि मी खूश होते. मूर्खपणा तो मूर्खपणा, पण तेव्हा कळला नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि दादाची पत्रं बंद झाली. आई रोज त्याचं जुनंच पत्र मला मोठ्यानं वाचायला लावायची. त्याच आठवड्यातल्या रविवारी खिंडीच्या तोंडावर हैबतीच्या दोन खाचा एकदम गेल्या. एकच उरली. डोकं दुखतंय म्हणून मी उठले आणि कुणाचं लक्ष नाही बघून ती पट्टी घरी घेऊन आले. शाळेच्या हजेरीपटात ठेवली. ती शाबूत आहे तोवर दादाला काही होत नाही, असं माझ्या मनानं घेतलं. शिकलेली बाई मी, पोरींना विज्ञान शिकवणारी. पण हजेरीपटाला एका पोरीनं हात लावला तर मी तिच्यावर अशी ओरडले की वर्ग चिडीचूप झाला. दर तासाला पान उघडून बघायची. सायकलची घंटा वाजली की तार आली वाटून उभी राहायची.

दोन रविवार मी गेले नाही. लढाई थांबल्याचं रेडिओनं सांगितलं तरी पत्र नव्हतं. तिसऱ्या रविवारी तात्या दारात. "बाई, तुमचा हैबती खिंड अडवून हुबा हाय. आमास्नी म्होरं जाता यीना. चला की." आईसमोर काय कारण सांगणार? हजेरीपट उराशी धरून गेले. काकांनी पट्टीबद्दल एक शब्द विचारला नाही. नुसता हात पुढं केला आणि मी ती ठेवली.

"वरनं धोंडा येतोय," काका म्हणाले. "एक पडला तर लागंल. बाकी काय बी पडू दे, वाचला." मी डबी हलवली. हलवतच राहिले, ठेवायचा धीर होईना. शेवटी मार्थाबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि डबी टेबलाला टेकली. एक पडला होता.

मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही. हैबती म्हणजे दादा आहे, पत्र नाही, काका, फाडू नका, असं काहीतरी रडत रडत सांगितलं. तात्यांचा चेहरा उतरला. "काका, परत टाकू द्या की पोरीला. कोन बघतंय?" मार्थाबाईसुद्धा म्हणाल्या, "एकदाच, काका." काकांनी पट्टी उचलली, फाडली आणि त्याच स्वच्छ आवाजात म्हणाले, "हैबती मेला."

त्या क्षणी मला त्या माणसाचा जेवढा तिटकारा आला तेवढा आजवर कुणाचा आलेला नाही. काका माझ्याकडे बघत म्हणाले, "परत टाकू दिला तर काय हुईल, सांगू? तुझ्या भावाचा जीव ह्या डबीत हाय, असं मी कबूल केल्यासारखं हुईल. मग तू रोज फासा टाकशील. न्हाई गं. हितं हैबती हुता, त्यो मेला. दादा तिकडं हाय. त्याचं काय झालं ते ह्या डबीला ठावं न्हाई, आन मलाबी न्हाई. आता तू म्हन."

मी म्हटलं नाही. बाकीच्यांनी आठवणी सांगितल्या. तात्या म्हणाले, हैबतीनं वाघाला कांदा खायला घातला हुता. मार्थाबाई त्याच्या शिळेबद्दल बोलल्या. बूच बरणीत गेलं नाही, टेबलावरच राहिलं, आणि मी निरोप न घेता निघून आले.

पुढचे नऊ दिवस माझ्या वैऱ्यालाही नकोत. आईला यातलं काही सांगता येत नव्हतं. पोस्टाच्या बाजूला बघायचं नाही म्हणून मी शाळेत मागच्या गल्लीनं जायची. मार्थाबाईंनी एकदा रस्त्यात सांगितलं की काका रोज टपालाच्या वेळी पोस्टाच्या ओट्यावर जाऊन बसतात. मी म्हटलं, बसू देत.

दहाव्या दिवशी शाळा सुटता सुटता काका फाटकात उभे. हातात लष्करी टपालाचं पाकीट. पोस्टमनकडून मागून आणलेलं. पत्ता आमचाच, पण अक्षर दादाचं नव्हतं. परक्या माणसाच्या हातचं पत्र फौजेतून कशासाठी येतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "तूच फोड," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी फोडलं. डाव्या हाताला गोळी लागली आहे, हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या मित्राकडून लिहवून घेतोय. काळजी करू नये. इथं कांदा देत नाहीत. एवढंच. मी ते मोठ्यानं वाचलं. काका फाटकाजवळच्या पायरीवर मटकन बसले आणि टोपीनं डोळे पुसायला लागले. "लई भ्या वाटलं गं," म्हणाले. "नऊ दिस झोप न्हाई."

मग पायरीवर बसूनच त्यांनी ब्रह्मदेशातलं सांगितलं. एका शिपायानं आपल्या दोस्ताला असंच खेळात घेतलं होतं. दोस्त आघाडीवर. फासा वाईट पडला, शिपाई रडला, काकांना दया आली, परत टाकू दिला. चांगला पडला. शिपाई निर्धास्त झोपला. चार दिवसांनी दोस्त मेल्याची खबर आली. "मला म्हनला, तू तर वाचिवला हुतास की. त्याला मी काय सांगनार?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तरी म्हन." आणि मी रडत, हसत म्हटलं, "हैबती मेला." मग धावत घरी आईकडे गेले.

पुढं बऱ्याच वर्षांनी काका गेले तेव्हा मी केडगावात संसारात होते. तात्यांचा निरोप आला म्हणून काष्टीला गेले. दिवसकार्य झाल्यावर आम्ही तिघं बंद दवाखान्याच्या ओट्यावर बसलो. तात्यांनी एक कोरं बूच आणलं होतं, मार्थाबाईंनी त्यावर काकांचं नाव घातलं. पण रीतीप्रमाणं तो शब्द आधी कुणी म्हणायचा? तात्या मिशा कुरवाळत बसले. मार्थाबाईंनी चष्मा पुसायला काढला. दोघंही माझ्याकडे बघायला लागली, आणि मी तर तिघांत सगळ्यात भित्री.

"काका मेले," मी म्हटलं. आवाज खाली केला नाही.

मग आठवणी. तात्यांनी भुजंग्याच्या विहिरीची सांगितली, मार्थाबाईंनी वाघाची. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच सांगितलं, की काकांनी मला एकदा फासा परत टाकू दिला नव्हता.