गुणाजीची पानथरी

गडब गावच्या गुणाजीला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे त्याच्या शेतातला वाल आणि दुसरी त्याची पानथरी. वालाचं कौतुक गावातले चारचौघे करत. पानथरीचं कौतुक डॉक्टर करत, आणि तेही इंग्रजीतून, त्यामुळे गुणाजीच्या लेखी त्याचं वजन जास्त.

पानथरी, म्हणजे प्लीहा, हा डाव्या बरगडीखाली दडून बसणारा मूठभर अवयव. धडधाकट माणसाची पानथरी जन्मात कुणाच्या हाताला लागत नाही. गुणाजीची लागायची. लहानपणी कधीतरी यकृताकडे रक्त नेणारी शीर चोंदली, रक्त मागे तुंबत राहिलं आणि पानथरी फुगत फुगत बरगडीच्या बाहेर चांगली सहा बोटं आली. एवढं होऊनही हा माणूस भात लावतो, चार भाकऱ्या खातो आणि तक्रार करत नाही. असा पेशंट मिळणं म्हणजे मेडिकल कॉलेजला लॉटरीच.

ते कॉलेज रोह्याच्या अलीकडे माळावर उभं होतं. खासगी, काचेचं, समोर कारंजं. कारंज्याला पाणी नसायचं. शेवटच्या वर्षाची परीक्षा आली की कॉलेजची गाडी गुणाजीच्या दाराशी यायची. शेजारीपाजारी बघत असले तर गुणाजी जरा सावकाश चढायचा. गाडीत कोलाडचा नाथा आधीच बसलेला असे. नाथाच्या काळजाची झडप आवाज करायची, म्हणून त्यालाही मान होता. पण झडप कानाने ऐकावी लागते आणि निम्म्या पोरांना ती ऐकूच येत नाही. पानथरी हाताला लागते. गुणाजी हा फरक नाथाला दरवर्षी समजावून सांगायचा.

परीक्षेची रीत साधी होती. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पेशंट आणि पाऊण तास. आधी पेशंटला बोलतं करायचं, मग नाडी, डोळे, जीभ बघायची, मग पोट तपासायचं आणि शेवटी परीक्षकांना रोग सांगायचा. मेडिसिनच्या प्रमुख टिपणीस मॅडम पेणच्या. निवृत्तीला आलेल्या. पेशंटशी बोलायचं कसं, एवढंच त्या पोरांना महिनाभर शिकवत. पोरं मान डोलवत आणि परीक्षेला थेट गुणाजीकडे येत.

गुणाजीने त्यांची सोय करून ठेवली होती. पोरगं स्टुलावर टेकायच्या आत तो सुरू व्हायचा. "नाव गुणाजी, वय अठ्ठावन, धंदा शेती. डाव्या कुशीत जड वाटतं, वीस वर्सं झाली. ताप नाय, कावीळ नाय, रक्ताची उलटी नाय, संडास साफ, झोप चांगली. लिवलंस?" तीन मिनिटांत हकीकत संपली. मग, "माज्या उजव्या अंगाला उभा र्‍हा. हात चोळून गरम कर. खालून तिरका वर ये. मी श्वास घेईन तवा बोटाला लागंल." रोगाचं, म्हणजे त्या चोंदलेल्या शिरेतल्या दाबाचं, नावही तोच सांगायचा. 'पोर्टल हायपरटेन्शन' हे शब्द तो 'ग्रामपंचायत' म्हणावं इतक्या सहज म्हणायचा, पोरांपेक्षा स्वच्छ.

"गुणाजी, तुम्ही मुलांना बिघडवताय," टिपणीस मॅडम म्हणायच्या.

"मॅडम, पास व्हतात ना?"

ते मात्र होत होते.

त्या वर्षीच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी गुणाजी पडवीतून उठला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. खांब धरला म्हणून बरं. बायको शांती बघतच होती.

"आज जाव नुको. दोन दिवस तुमचा रंग उतरलाय."

"परीक्षा हाय गो. माज्याबिगर कोन पास व्हनार?"

दोन दिवस आणखीही एक गोष्ट घडत होती. त्याला शौचाला काळं होत होतं, हायवेवर ओततात त्या डांबरासारखं काळं नि चिकट. ते त्याने शांतीलाही सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी बायकांना सांगायच्या असतात का? आणि कॉलेजला सांगितलं तर खाटेवर दुसरा कुणी बसवतील, नाहीतर नाथाचं महत्त्व वाढेल. काहीतरी खाण्यात आलं असेल, असं स्वतःला बजावून तो गाडीत चढला. त्या दिवशी तो सावकाश चढला त्यात दिमाख नव्हता.

पहिला आला निमिष. वर्गातला हुशार, आईवडील दोघे डॉक्टर. त्याने येताना पेशंटला नमस्कार केला, कारण नमस्काराला अर्धा गुण असतो. गुणाजीने हकीकत म्हटली, निमिषने लिहिली. "नाडी बहात्तर," तो पुटपुटला. मनगटाला त्याने हात लावला खरा, पण घड्याळाकडे काही पाहिलं नाही. पोट मात्र सुरेख तपासलं. बाहेरच्या कॉलेजातून आलेले दोघे परीक्षक इतके खूश झाले की त्यांनी स्वतःही एकदा पानथरी दाबून पाहिली आणि "ब्यूटिफुल" म्हणाले. गुणाजीला मळमळत होतं. तरी तो हसला.

निमिषनंतर आणखी दोघं येऊन गेली. तीन विद्यार्थी आणि दोन परीक्षक मिळून पाच जणांनी दुपारपर्यंत ते पोट दाबलं. आज बरं वाटतंय का, हे विचारायला मात्र कुणाला सवड झाली नाही. विचारणार तरी कशाला? संडास साफ आहे हे पेशंट न विचारताच सांगत होता.

चौथी ऋतुजा. आधी एकदा नापास झालेली, वहीवर तारीखही दोनदा खोडून लिहिणारी. गुणाजीला तिची दया आली. त्याने हकीकत जरा हळू म्हटली. तिने ती लिहून घेतली, मग त्याचा हात हातात घेऊन घड्याळावर नजर लावली. पूर्ण एक मिनिट. मग पुन्हा एक मिनिट.

"काका, एकशे अठरा येतेय."

"तू घाबरलीस म्हनून. बहात्तर लिव. सकालच्या पोराने तेच लिवलंय."

"घाबरले मी आणि नाडी तुमची कशी वाढेल?"

तिने त्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली अशी नव्हतीच. मग स्टूल पुढे ओढून ती हळू आवाजात म्हणाली, "काका, ते पाठ केलेलं राहू दे. आज सकाळी संडासला कसं झालं?"

गुणाजी भिंतीकडे बघायला लागला. लेकीच्या वयाची पोरगी. "साफ," तो म्हणाला. मग भिंतीकडेच बघत, "काळं."

"चिकट? घाण वास?"

"व्हय."

"लोहाच्या गोळ्या घेताय? त्यानेही काळं होतं."

"नाय गो."

"किती दिवस?"

"आज तिसरा."

ऋतुजा उठली आणि पाऊण तासातला अर्धा वेळ शिल्लक असताना परीक्षकांच्या टेबलाशी गेली. "सर, पेशंटला आतून रक्तस्राव होतोय."

दोघा परीक्षकांपैकी एकाने चष्म्यावरून पाहिलं. "पोटावर ठोकून पाहिलंस? पानथरी किती सेंटिमीटर?"

"सर, नाडी एकशे अठरा आहे."

"मी पानथरी विचारतोय."

टिपणीस मॅडम पलीकडच्या टेबलावर होत्या. त्या उठल्या, गुणाजीच्या खाटेशी आल्या, नाडी धरली, पापणी पाहिली आणि त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्याला शाळेतला वर्ग आठवला. पुढच्या दहा मिनिटांत त्याच्या दोन्ही हातांत सुया होत्या. तुंबलेल्या रक्ताने अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या होत्या, त्यातली एक झिरपत होती. रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, तोंडातून नळी घालून शिरेला रबरी कडी बसवली. रात्रभर उशीर झाला असता तर आपल्याला वालाची शेंग पुन्हा दिसली नसती, हे त्याला मॅडमनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. गोड बोलून सांगायची त्यांची पद्धत नव्हती.

निकाल लागला. त्या केसमध्ये निमिषला सर्वांत जास्त गुण. ऋतुजाने पोटाची तपासणी अर्धवट सोडली, म्हणून परीक्षकांनी गुण कापले. नियम म्हणजे नियम. मॅडम त्यांच्याशी तासभर भांडल्या तेव्हा ती काठावर पास झाली.

निमिष पेढे घेऊन वॉर्डात आला. खाटेच्या कडेला उभा राहिला. पेढ्यांचा डबा त्याने उघडलाच नाही.

"काका, तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"तू इचारायला हवं व्हतंस."

शांतीने डबा घेतला, निमिषला खाली बसवलं आणि एक पेढा त्याच्याच हातावर ठेवला.

पुढे मॅडमनी गुणाजीला परीक्षेतून काढलं आणि पहिल्यांदाच वॉर्डात येणाऱ्या पोरांच्या तासाला बसवलं. अट एकच, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. भात कापणं त्याला कधी इतकं जड गेलं नव्हतं. शांतीनेही आपली अट घातली, की यापुढे एकटं सोडणार नाही. ती त्याच्या खाटेशी पिशवी घेऊन बसू लागली.

एका तासाला एका पोराने चाचरत विचारलं, "आजोबा, दारू वगैरे?"

"कवाच नाय," गुणाजीने छातीवर हात ठेवला.

"शिमग्याला ताडी कोन पिलता?" शांती म्हणाली.

पोरं हसू दाबत मॅडमकडे बघू लागली. मॅडम म्हणाल्या, "हसताय काय? लिहा. आणि नातेवाइकांना खुर्ची द्या."

त्या पोराने खुर्ची आणली, वही नव्या पानावर उघडली आणि पेशंटकडे पाठ करून शांतीसमोर बसला. "आजी, तुम्ही सांगा, अगदी सुरुवातीपासून."

शांतीने पदर नीट केला. गुणाजीने डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.