माझ्या नावाचे पाच किलो

आज मी जो काही आहे, तो माझ्या आत्यामुळे. तिचं नाव तारा. तरुणपणी नवरा गेला, ती माहेरी आली आणि पुढं माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. माझी बी.कॉम.ची गुणपत्रिका तिनं देवाच्या फोटोमागं ठेवली होती. त्यात काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं, तरी ठेवली होती.

नोकरीसाठी सांगलीला निघालो, त्या दिवशी वडूजच्या स्टँडवर ती मला सोडायला आली. माझ्या बॅगेपेक्षा तिच्या डोक्यावरची पिशवी जड होती. पिशवीच्या मधोमध सुतळीची गाठ होती. गाठीखाली तांदूळ, वर गहू. मी म्हटलं, "आत्या, सांगलीत काय धान्य मिळत नाही का?" ती म्हणाली, "मिळतंय की. पर ह्यो तुझ्या नावाचा हाय. रेशनवर तुझं नाव हाय तवर तुझा वाटा तुझ्यामागं यायचा." गाडी हलली तशी खिडकीशी येऊन म्हणाली, "गाठ सोडू नगंस, मिसळंल."

तेव्हापासून दर महिन्याला ती पिशवी येत राहिली. आमच्या खटाव भागातली माणसं दुखणं घेऊन मिरजेला येतात. कुणाचे डोळे, कुणाचे गुडघे, कुणाचं पोट. आत्या त्यांच्यातलाच एखादा गाठायची. मग मला फोन यायचा, "आमी दवाखान्याच्या दारात हाय, तुमचं गाठोडं न्या." मी सायकलवर मिरजेला जायचो, पेशंटची चौकशी करायचो, पिशवी कॅरिअरला बांधून परत यायचो. लोकांच्या आजारपणावर आमची चूल चालते असं मंगल, माझी बायको, हसून म्हणायची. हसण्यासारखं ते नव्हतंच.

मी हळदीच्या पेढीवर कारकून आहे. मालक जैन, माणूस चांगला, पगार वेळेवर. पण भाडं आणि मुलीच्या शाळेची फी गेली की वाणसामानाला फारसं उरत नाही. मंगलनं सगळं करून बघितलं. बाजार उठताना भाजी घ्यायची. तांदळाऐवजी कणी, डाळीऐवजी मिलमधली चुरी. तेल डब्यातून ओतायचं नाही, पळीनंच काढायचं. आमटी पातळ करत करत एक दिवस मुलगीच म्हणाली, "आई, आज आमटीत डाळ विसरलीस का?"

मुलीच्या शाळेसाठी पत्त्याचा पुरावा हवा होता, म्हणून मी सांगलीत रेशन कार्ड काढायचं ठरवलं. इथं कार्ड झालं की धान्यही मिळेल असं मनात होतं. त्यासाठी गावच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. मीच वडूजला जाऊन अर्ज केला, मीच सही केली. इथं कार्ड मिळालं ते पांढरं. पगार दाखवल्यावर दुसरं मिळणारही नव्हतं. पांढऱ्या कार्डावर धान्य नाही. कचेरीतल्या बाईंनी नियम समजावून सांगितला. त्यांचं काही चुकलं नव्हतं. शिकलेला माणूस, न वाचता सही करून बसलो होतो.

आत्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आसू दे. हितला दुकानदार अजून देतूय. नाव गेलं न्हाई म्हनं." आणि पुढच्या महिन्यात पिशवी आली. पाच किलो, मध्ये गाठ. मी विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं सोयीचं होतं.

तीन वर्षं असंच चाललं. गेल्या महिन्यात गावी गेलो आणि तिच्यासोबत रेशन आणायला गेलो. तिनं मशीनवर अंगठा लावला, कागद आला, दुकानदारानं दहा किलो मापलं. मी विचारलं, "तिघांचं ना?" तो म्हणाला, "दोघांचं. तुमचं नाव तीन वर्षामागंच गेलं की, सायेब." आत्या मध्येच म्हणाली, "चल रं, ऊन लय झालंय."

वाटेत मी विचारलं, "आत्या, मग मला काय पाठवत होतीस?" ती पुढं बघतच म्हणाली, "नाव सरकारनं काढलं. मी न्हाई काढलं."

दुपारी मला चपाती वाढली. ती आणि अण्णा, माझे वडील, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं पीत होते. मी बघतोय हे ओळखून अण्णा म्हणाले, "दातच न्हाईत गड्या, चपाती चावंना." आत्या म्हणाली, "मला तर आवडतंयच." तिचे दात अजून शाबूत आहेत.

गावी जाताना मी नेलेली तूरडाळ पुढच्या पिशवीतून जशीच्या तशी परत आली. फोनवर नको म्हटलं की तिला ऐकू येत नाही. परत नाव लावता येतं का, म्हणून वडूजला विचारलं, येत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या पाच किलोशिवाय आमचा शेवटचा आठवडा निघत नाही. घर कुठं आहे असं कुणी विचारलं, तर ज्या कार्डावर माझं नाव नाही तिथं माझा वाटा अजून मापला जातो, एवढंच मला सांगता येतं.

प्रौढांच्या वर्गात ती अलीकडं अक्षरं शिकली आहे, बोट ठेवून वाचते. म्हणून गेल्या सोमवारी पत्र लिहिलं, सोप्या शब्दांत. तिनं तीन वर्षं जे सांगितलं ते मी मानलं. आता तिनं माझं मानावं.

ती. आत्यास नमस्कार.

चांगली बातमी आहे. इथल्या दुकानात माझं नाव लागलं. मंगलचं आणि मुलीचंही लागलं. महिन्याला अंगठा लावतो, धान्य आणतो. गहू निवडलेला असतो, खडे नसतात.

आता मिरजेला येणाऱ्या कुणाकडं पिशवी देऊ नकोस. दोन ठिकाणचं धान्य आमच्यानं संपत नाही. किडा लागेल, आणि अन्नाला किडा लागलेला तुला खपत नाही.

तुझ्या वाट्याच्या चपात्या तू खा. अण्णांना दुधात कुस्करून दे.

पिशवी धुऊन परत पाठवतो. रिकामी देऊ नये म्हणून तळाशी पाच हळकुंडं ठेवली आहेत. त्यांच्यावर मधली गाठ मात्र पुन्हा तशीच बांधली आहे.

तुझा,
दत्तू