देणारा दिसता कामा नये

तात्यांच्या घरी गेलं की बूट काढायच्या आधी हात दाखवावे लागत. आधी तळहात, मग मागची बाजू, मग पिशवी. "कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातनं आलीस ना? चिकनचं काही नाही ना त्यात?" विमानतळावरसुद्धा माझी कधी एवढी झडती झाली नाही. मी तेव्हा जपानात, कावासाकीत पोस्टडॉक करत होते आणि त्यांच्या गल्लीतच राहत होते. हाच माणूस मराठी मंडळात आलेल्या प्रत्येकाला घर शोधून देतो, कुठला कचरा कुठल्या पिशवीत घालायचा ते न कंटाळता शिकवतो, हे झडती देताना खरं वाटत नसे.

या सगळ्याचं कारण होतं बाब्या. बाब्या म्हणजे हॅरिस हॉक जातीच्या शिकारी पक्ष्याचं पिल्लू. पांढरी लव, भलेमोठे पाय आणि सरपंचासारखी नजर. शिकारी पक्षी पाळून त्यांना तयार करणाऱ्याला जपानात ताकाजो म्हणतात. नववर्षाच्या सुट्टीत एका बागेत तात्यांनी असा एक ताकाजो पाहिला आणि, त्यांच्या जपानी बायकोच्या शब्दांत, "ह्यांचं डोकं तिथेच राहिलं." मिदोरीकाकूंचं मराठी सासूबाईंच्या हाताखाली तयार झालेलं, त्यामुळे धारदार. पुढे तात्या दर रविवारी डोंगरातल्या एका म्हाताऱ्या ताकाजोंकडे शिकायला जाऊ लागले आणि कंपनीतून निवृत्त झाल्यावर पिल्लू घरीच घेऊन आले.

"हात दिसला की हाक सुरू," हे तात्यांचं ब्रह्मवाक्य. माणूस म्हणजे खाऊ, असं एकदा पिल्लाच्या डोक्यात बसलं की ते त्या माणसाला आई समजतं आणि तो दिसला रे दिसला की किंचाळत सुटतं. ही खोड मोडता मोडत नाही. म्हणून बाब्या झोपला किंवा पाठमोरा असला की पडद्याआडून त्याच्या पुढ्यात मांस सरकवायचं, तेही भरपूर, म्हणजे भूक लागून मागायची वेळच येऊ नये. बाकी त्याने घरात सगळ्यांमध्ये राहायचं, टीव्ही बघायचा, व्हॅक्यूम क्लीनर ऐकायचा. फक्त जेवण आभाळातून पडलं असं वाटलं पाहिजे. "देणारा दिसता कामा नये," तात्या बजावत.

त्यात घरांच्या भिंती कागदासारख्या. पिल्लू आलं त्याच आठवड्यात गल्लीच्या संघटनेचे अध्यक्ष मिठाईचा डबा घेऊन आले आणि "पक्षी अगदी उत्साही असतात म्हणे," एवढंच वाकून म्हणाले. जपानात याला तक्रार म्हणतात. ओरडण्याचा त्रास झाला तर बाब्याला इथून हलवीन, असा शब्द तात्यांनी देऊन टाकला. इतकी वर्षं जपलेली हौस त्या पिल्लाच्या गप्प बसण्यावर टांगलेली होती.

आणि पावसाळी दमट दिवसांत बाब्या ओरडायला लागला. गंजलेली बिजागरी कुणीतरी सतत हलवत बसावी, तसा आवाज. तात्यांचा चेहरा पडला, आणि मग त्यांच्या अंगात संशय संचारला. घरचा भेदी कोण? फ्रीजरच्या दाराला चिकटपट्टी लागली. पार्सलवाल्याला फाटकाबाहेर उभं केलं जाऊ लागलं. ओसाकाहून लेक युकी आली, तर आल्याआल्या तिची उलटतपासणी. "शिरानाई," म्हणजे मला काय माहीत, एवढं जपानीत बोलून ती वर निघून गेली. "बघ, नजर चुकवली," तात्या माझ्या कानाशी म्हणाले. मग बहुधा तिच्या कानाशी माझ्याबद्दल म्हणाले असणार. संशयाची लागण फार लवकर होते. मिदोरीकाकू चहा देताना माझ्या बोटांकडे बघू लागल्या आणि मी त्यांच्या ॲप्रनच्या खिशाकडे.

एका दुपारी तात्या स्टेशनकडे गेले होते. आम्ही तिघी चहा पीत होतो, बाब्या खिडकीशी पिसं साफ करत बसला होता. बराच वेळ झाला तरी त्याने चोच उघडली नाही. युकी उठली, त्याच्यासमोरून गेली, तो ढिम्म. काकू गेल्या, मी गेले. त्याने मानही वळवली नाही. तेवढ्यात दारात किल्ली फिरली. बाब्याने पंख पसरले, अंग थरथरवलं आणि घर डोक्यावर घेतलं.

काकूंनी कप खाली ठेवला. "अहो," त्या म्हणाल्या, "आता तुम्ही हात दाखवा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तात्या दारातच, एका पायात बूट, तसेच उभे राहिले. "एकदाच दिला गं," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे, पहिल्यांदा एकदाच." पडदा सरकवताना बाब्या जागा झाला होता, त्याने चोच उघडून यांच्याकडे पाहिलं होतं, आणि यांच्याने राहवलं नव्हतं. "आपल्याकडे पोराला हाताने भरवतात. चिऊचा घास, काऊचा घास. ही युकी बालवाडीत जाईपर्यंत माझ्याच हातून जेवली. मग हातात चॉपस्टिक्स आल्या, नि म्हणाली, जिबुन दे. माझं मी." युकीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. त्या रात्रीच्या ओसाकाच्या गाडीचं तिकीट तिने रद्द केलं. मला मात्र तात्यांचा राग यायचा तो आलाच नाही.

अध्यक्ष पुन्हा मिठाई घेऊन येण्याआधीच तात्यांनी शब्द पाळला. बाब्या डोंगरातल्या ताकाजोंकडे गेला. तिथे ओरडला तरी ऐकायला कुणी नव्हतं. ताकाजोंची अट एकच: तो स्वतःची शिकार स्वतः करू लागेपर्यंत तात्यांनी फिरकायचं नाही. तात्या दर रविवारी फोन करायचे, आणि फोन ठेवला की म्हणायचे, "बरा आहे म्हणतो. बरा असता तर एवढ्या पटकन सांगितलं असतं का?"

थंडीत एकदाचा निरोप आला. या, पण त्याला दिसू नका. काकू, तात्या आणि मी शेताच्या कडेला झाडांमागे उभे राहिलो. तात्यांची पहिली नजर ताकाजोंच्या हातावर. "काय देतोय बघ. वाळलाय गं तो." बाब्या वाळला नव्हता, चांगला तपकिरी, रुबाबदार झाला होता. उडत उडत तो आमच्याच डोक्यावरच्या फांदीवर येऊन बसला. त्याने खाली पाहिलं, सरळ तात्यांकडे. तात्यांनी श्वास रोखून धरला. मग ताकाजोंची शीळ आली आणि तो आवाज न करता निघून गेला.

परतीच्या बसमध्ये तात्या खिडकीकडे तोंड करून बसले होते. कावासाकी जवळ आल्यावर बोलले.

"ओळखलं त्याने मला. ओळखलं, आणि मुद्दाम हाक मारली नाही."

आम्ही दोघींनी त्यांना तसं समजू दिलं.