बाळाच्या पोटात वारा धरला की

दहिवलीच्या आमच्या घरी बाळाचं पोट चोळणारी ती बाई नेहमी मागच्या दारानं यायची. माझं बाळ पाय पोटाशी घेऊन किंचाळायला लागलं की सासूबाईच तिला बौद्धवाडीतून बोलावून घेत.

ती पडवीत पाय लांब करून बसायची, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायची आणि पाठ चोळत त्याच्याशीच बोलायची. "कुठं अडला रं वारा? हितं हाय? नाय?" मग उताणं करून त्याचे गुडघे हलकेच पोटाशी न्यायची, बेंबीभोवती एरंडेलाचं बोट फिरवायची. वारा सरला की बाळ तिथंच झोपी जायचं. तिच्या चेहऱ्यावर मात्र हसू कधी दिसलं नाही. बौद्ध झाल्यापासून त्यांच्या वाडीनं घरोघरची भाकरी घेणं सोडलं होतं. मी काही पुढं केलं की म्हणायची, "आमी घेत नाय आता. पोर रडतंय म्हनून येते."

तिची पाठ वळली की सासूबाई विटाळ जावा म्हणून बाळावर तांब्याभर गार पाणी ओतायच्या. बाळ दचकून पुन्हा रडायला लागायचं. मी पंचा घेऊन पुढं व्हायची.

एका संध्याकाळी ती एरंडेलाची बाटली विसरली म्हणून अंगणातून परत आली. सासूबाईंच्या हातात तांब्या होता, मांडीवर उघडं बाळ. तिनं पाहिलं. बाटली उचलली, पदर सारखा केला आणि नेहमीच्याच आवाजात मला म्हणाली, "वयनी, पानी कोमट तरी घ्या. गार पान्यानं परत पोटात धरतं लेकराच्या."