खारवठणच्या फलाटावर वाढलेलं पान

नव्वदच्या दशकातलं, अर्धंमुर्धं बांधलेलं आमचं नेरूळ. सर्वपित्री अमावस्येला सकाळीच बसमध्ये बसले, मांडीवर स्टीलचा डबा. कळंबोलीला ट्रकांच्या गर्दीत ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि डब्यातली खीर साडीवर. घ्या! बाबांची आवडती खीर, निम्मी मीच नेसले.

पनवेलच्या पुढे खाजण (भरतीचं पाणी शिरतं ती जमीन) सुरू झालं. खारवठणला मी एकटीच उतरले. स्टेशन अजून आहे: फलाट, बाक, पिवळी पाटी. रूळ नाहीत. काही वर्षांपूर्वी उधाणाने रुळांखालचा भराव वाहून गेला. बाबा इथले गेटमन. लाल बावटा घेऊन ते भरावावरून धावत सुटले. गाडी थांबली, माणसं वाचली. बाबा पाण्यात गेले. मग गाडी कायमची बंद झाली आणि ही बस सुरू झाली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. चुलतभावाने नाना वचनं दिली, शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर, बाबांचं अडलंय तरी कशात? दर सर्वपित्रीला गच्चीवर पान ठेवते, तर मेले कावळे शेजाऱ्यांच्या पानावर! म्हटलं, यंदा ते गेले तिथंच जाऊ.

फलाटाच्या टोकाला पान वाढलं. कावळे पाटीवर बसून नुसते बघत होते. "आईचं शेवटपर्यंत केलं, बाबा," म्हणाले. "घर विकणार नाही." "लग्नसुद्धा करीन," म्हणून टाकलं, या वयात! ढिम्म. मला रडू कोसळलं.

जुन्या तिकीटखिडकीत एक आगरी मावशी चहा विकत होती. कप घेऊन ती आली.

"कोनाचा पान, बाय?"

"इथल्या गेटमनचं. मी त्यांची मुलगी."

"त्यो बावटावाला?" ती खालीच बसली. "अगो, त्याला कुनी सांगला का, गारी (गाडी) बंद जाली ती? त्यो अजून ड्यूटीवर हाय. हातातला बावटा टाकून जेवायला कसा येल?"

खरंच, कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही आपले आमचीच वचनं देत बसलो. मी कडेला जाऊन मोठ्याने म्हणाले, "बाबा, आता गाडी येणार नाही. बस असते, मी बसनेच आले. रस्ता पक्का आहे, कुणाला काही होणार नाही. तुमची ड्यूटी संपली. जेवा आता."

मावशीने मला हाताला धरून पानापासून मागे ओढलं. एक कावळा पाटीवरून उतरला, मान वाकडी करून बघितलं आणि भाताला चोच लावली.

"शिवला गो, शिवला!" मावशी ओरडली. मी हात जोडले.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले. बाबा सुटले याचा आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण इतकी वर्षं ते अडलेले होते म्हणजे कुठेतरी होते. मी बोलायची, ते रुसायचे. आज तेही संपलं.

नेरूळला उतरेपर्यंत अंधारून आलं होतं. बसमध्ये मी एकटीच उरलेली.

"न्यायला कुणी येणार हाय काय, ताई?" कंडक्टरने विचारलं.

"आता कुणी नाही," म्हणाले आणि उतरले.