सासऱ्यांना चुकीची वाचून दाखवलेली चिठ्ठी

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, एका रविवारी दुपारी, मी सासऱ्यांना एक चिठ्ठी मुद्दाम चुकीची वाचून दाखवली. चिठ्ठी एका इंग्रजी व्हिडिओ गेममधली होती.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते सहा आठवडे आमच्या सरस्वतीपुरमच्या घरी होते. शहरातच नजरबादला त्यांचं शिवणकामाचं दुकान. इंग्रजी येत नव्हतं. त्या दुकानावरून भांडून त्यांचा धाकटा भाऊ जवळच्या नंजनगूड गावी निघून गेला, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. काकांचा विषय घरात काढायचा नाही, असं बायकोने मला लग्नाच्या वेळीच बजावलं होतं.

गेममध्ये धुक्यातलं एक तळं होतं आणि बेपत्ता धाकट्या भावाला शोधणारा नावाडी. पडदे ओढून आम्ही बसत असू. वल्ह्याचा आवाज, गावकऱ्यांचं अर्धवट बोलणं, बंद घरांतले दिवे. कॉफी टीपॉयवर गार होऊन जाई. तसे रविवार आमच्याकडे पुन्हा आले नाहीत. मारामारी मात्र सुमार होती. बटण दाबल्यावर कुऱ्हाड उशिरा उठे, तोवर मी मेलेला असे.

"मशीन टाका सोडतंय," सासरे त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले. "थोडं आधीच दाबायचं, अल्वा, नाही का? इकडे द्या, जावईबापू. तुम्ही नुसते पेपरात लिहिणारे."

तेव्हापासून लढणं त्यांचं, वाचून मराठीत सांगणं माझं.

तिसऱ्या भागात चिठ्ठी सापडली. भावाने लिहिलं होतं, 'तुझ्यामुळे गेलो. तू एकदाही विचारलं नाहीस.' मी वाचलं, 'मला पळवून आणलंय. लवकर ये.'

पुढचे दोन रविवार सासरे त्वेषाने लढले. अखेर तळ्यापलीकडच्या घरात भाऊ धडधाकट भेटला. पडद्यावर दोन पर्याय आले: माफी मागायची, की त्याला ओढून घरी न्यायचं.

"माफी कशाला? सोडवायला आलोय ना!"

त्यांनी दुसरा निवडला. भाऊ धुक्यात चालता झाला. गेम संपला.

"अय्यो! मग एवढं लढलो कशाला?"

मागे भाजी निवडत बसलेली बायको म्हणाली, "बाबा, चिठ्ठीत वेगळंच होतं." तिने ती तेव्हाच पडद्यावर वाचली होती. खरा मजकूर तिने सांगितला.

सासरे माझ्याकडे वळले. "पेपरातही असंच छापता काय?"

त्यांनी तिसरा भाग पुन्हा लावायला सांगितला. चिठ्ठी आली. मी शब्दशः वाचली.

"परत वाचा."

तीनदा वाचून घेतली. मग कंट्रोलर माझ्या हातात देऊन ते आत गेले.

मंगळवारी सकाळी ते काठी घेऊन नंजनगूडच्या बसमध्ये बसले. सोबत कुणाला येऊ दिलं नाही. संध्याकाळी सातला काकांच्या घरून फोन आला. सासरे तिथेच जेवणार होते.