बटणं कोणी लावली?

घड्याळजींना खोटं बोलता येत नाही, असा त्यांचा लौकिक होता. गिऱ्हाइकाने कौतुकाने आणलेलं घड्याळ उघडून ते तोंडावर सांगायचे, "यात राम नाही, दुसरं घ्या." असा हा माणूस दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंशी धडधडीत खोटं बोलत होता, आणि तेही निव्वळ चांगुलपणापोटी. आता या चांगुलपणाला काय म्हणावं?

त्यांना संधिवात होता. सकाळी बोटं अशी आखडलेली असत की टूथपेस्टचं झाकण बायकोने उघडायचं. अकरा वाजेपर्यंत चिमटा हातात धरता येत नसे, आणि चिमटा धरता न येणाऱ्याने घड्याळाच्या दुकानात बसून करायचं काय? दुकान नऊऐवजी बाराला उघडायला लागलं. "म्हातारपणी झोप वाढलीय," असं ते शेजारच्या चष्मेवाल्याला सांगत. या हातांखेरीज त्यांच्याकडे दुसरी विद्या नव्हती आणि दुसरी हौसही नव्हती.

तपासणीच्या दिवशी मात्र वेगळाच थाट. नंबर मुद्दाम साडेबाराचा मागून घेतलेला. पहाटेपासून गरम पाण्यात हात. दुखण्याची गोळी एकाऐवजी दोन. मग डॉक्टरीणबाईंनी "कसं आहे काका?" म्हटलं की हे बोटं नाचवून दाखवत आणि म्हणत, "उत्तम! तुमच्या औषधाला तोड नाही."

"पोर किती मनापासून औषध देते," ते घरी बायकोला सांगत. "तिला कशाला वाईट वाटू द्यायचं?"

"अहो, त्या डॉक्टर आहेत, विहीणबाई नव्हेत!" बायको कपाळाला हात लावी. "त्यांची मर्जी कसली राखताय?"

रक्ताचा रिपोर्ट दर वेळी सूज दाखवायचा. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडायच्या, पण समोरचा माणूस बोटं नाचवतोय म्हटल्यावर 'प्रकृती स्थिर' लिहून तेच औषध पुढे चालू ठेवायच्या.

दाराशी मावशी असत. वीस वर्षं त्या दारात उभं राहून नंबर पुकारणं हे त्यांचं काम. आवाज असा की पलीकडच्या दातांच्या विभागातले लोकही उठून उभे राहत. शिकलेल्या जेमतेम चौथी, पण बाकावर कोण कसं बसतं, कोण कसं उठतं, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

एका बुधवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आज खांदाही बघू. शर्ट काढा." पडद्याआड घड्याळजी नुसते उभेच. पाच मिनिटं झाली, तेव्हा मावशी आत गेल्या.

"आणा, मी काढते," म्हणून त्यांनी वरचं बटण धरलं. बटण हलेना. दुसरं धरलं, तेही हलेना. त्यांनी पट्टी उलटून पाहिली. वरपासून खालपर्यंत बारीक, सुबक धावदोरा.

"काका, हा शर्ट शिवून टाकलाय!"

"हळू बोला हो मावशी." घड्याळजी कानापर्यंत लाल झाले. "वर्ष झालं. रोज बायको बटणं लावायची, मला लाज वाटायची. मग तिनेच सगळे शर्ट शिवून दिले. डोक्यातून घालतो. बाहेरून कळत नाही."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांना वाईट वाटेल."

मावशींना हळू बोलता येतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "माझी आई लोकांच्या घरी भांडी घासायची," त्या म्हणाल्या. "तीही डॉक्टरला बरं आहे, बरं आहे, असंच सांगत राहिली. शेवटी घास तोंडात मी भरवायचे." एवढं बोलून त्यांनी पडदा सर्रकन ओढला आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली, "डॉक्टर, या इकडे! यांची बटणं बघा!"

डॉक्टरीणबाईंनी ती शिवण पाहिली आणि स्टुलावर बसल्या. "काका, वर्षभर मी लिहितेय की तुम्ही बरे आहात." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं घड्याळजींना वाटलं.

एक्स-रेत दिसलं की डाव्या हाताच्या दोन बोटांचे सांधे झिजून गेलेत. "ही दोन आता पहिल्यासारखी होणार नाहीत," त्या म्हणाल्या. "बाकीची वाचवायची तर आजच औषध बदलायला हवं. आणि मला खरं कळायला हवं."

मग त्यांनी मावशींना विचारलं, "असे आणखी किती आहेत?"

मावशींनी दारात उभ्या उभ्या पाढा वाचला. कोण पर्सची चेन दाताने उघडतं, कोण जिना उलटा उतरतं, कोण सही नको म्हणून अंगठा देतं.

"मग सांगितलं का नाहीत?"

"मला कोणी विचारलंच नाही."

पुढच्या महिन्यापासून संधिवाताची तपासणी सकाळी आठला सुरू झाली. लोकांनी कुरकुर केली. जादा गोळी घेऊन येणाऱ्याची मावशी सर्वांदेखत हजेरी घेत. नंबर पुकारण्याआधी त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "आज बटणं कोणी लावली?" आणि उत्तर केसपेपरच्या कोपऱ्यात लिहीत. 'कसं आहे' म्हटलं की 'बरं आहे' आपोआप तोंडातून निघतं, या प्रश्नाला मात्र ते चालत नाही. कोणी म्हणे सुनेने, कोणी म्हणे मीच, पण अर्धा तास लागला. एक आजी फणकारल्या, "गाऊनला बटणं नसतात!" त्यावर मावशी म्हणाल्या, "मग वेणी कोणी घातली ते सांगा." आजी रडायलाच लागल्या. त्यांचंही औषध त्याच दिवशी बदललं.

घड्याळजींना नवं औषध हळूहळू लागू पडलं. बोटांचे व्यायाम ते शाळेतल्या मुलाने पाढे घोकावेत तसे करत. पाचव्या महिन्यात तपासणीला आले, ते आधी मावशींपुढे उभे राहिले. येताना रस्ताभर आभाराची वाक्यं जुळवली होती. ऐन वेळी एकही आठवेना.

"मावशी, तुम्ही त्या दिवशी..."

"आभार राहू देत. हात द्या इकडे. दाबा."

घड्याळजींनी उजव्या हाताने जरासं दाबलं.

"पुन्हा भिडस्तपणा? दाबा म्हणते ना!"

त्यांनी सगळा जीव एकवटून दाबलं.

"अहो काका, सोडा! माझी बोटं मोडतील!" मावशी ओरडल्या. बाक हसला. दातांच्या विभागातून दोघं डोकावून गेले. घड्याळजींनी हात सोडला नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही, ते नुसते दाबत राहिले.

सकाळचे सव्वाआठ वाजले होते.